एकदम तीन कोड आले, तर आधी ५ व्होल्ट तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २० टनी पोकलेन, साधारण ६,००० तास चाललेली, खाणीवर ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) आणि बकेट दोन्ही कामांना. सकाळी थंड मशीन व्यवस्थित चालते. तास-दीड तासाने मॉनिटरवर इंजिन ऑइल प्रेशरचा एरर येतो आणि इंजिनाची ताकद उतरते. चावी बंद करून पाच-दहा मिनिटांनी चालू केली की पुन्हा अर्धा तास ठीक. ऑइल प्रेशरचा सेन्सर दोनदा बदलून झाला, एकदा कंपनीचा, एकदा बाजारातला. आता मेकॅनिक म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला, आणि तुम्ही विचारताय की ईसीएमवर खर्च करावा का.

या सगळ्यात तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: "कधी कधी बूस्ट प्रेशर आणि सेन्सर सप्लायचे कोडही सोबत दिसतात, पण मुख्य एरर ऑइल प्रेशरचाच आहे." (बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचे प्रेशर.) मला मुख्य गोष्ट ती "कधी कधी"चीच वाटते. दोन वेगळ्या जागी बसलेले, एकमेकांशी संबंध नसलेले सेन्सर एकाच क्षणी खराब होत नाहीत. दोघे एकदम बोंब मारतात तेव्हा दोघांना जोडणारी वस्तू शोधायची असते, आणि इथे तर ईसीएमने तिचे नावही सांगितले आहे: सेन्सर सप्लाय. म्हणून "सेन्सर बदलू की ईसीएम" हा प्रश्न बाजूला ठेवू. या दोघांच्या मध्ये जी वायर आहे, तिच्यात काय चालले आहे, हे आधी पाहायला हवे.

प्रेशर सेन्सरला बहुतेक तीन वायरी असतात. एकीतून ईसीएम त्याला ५ व्होल्ट देतो, दुसरी परतीची, म्हणजे सेन्सरची अर्थ, आणि तिसरीतून सेन्सर आपले उत्तर पाठवतो. प्रेशर काहीच नसेल तर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण असेल तर साडेचारच्या आसपास. शून्य किंवा पूर्ण पाच हे उत्तर कधीच बरोबर नसते. तसे आले की ईसीएम समजतो की हे प्रेशर नाही, वायरीचा किंवा सेन्सरचा दोष आहे. आता महत्त्वाचे: हे ५ व्होल्ट प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र मिळत नाहीत. ईसीएममधून निघालेली एक लाइन तीन-चार सेन्सरना वाटून दिलेली असते. त्यातल्या कुठल्याही एका सेन्सरच्या आत शॉर्ट झाला, किंवा ती वायर कुठेही इंजिनाला टेकली, की सगळ्यांचे ५ व्होल्ट एकदम कोसळतात. मग बिचारा ऑइल प्रेशरचा सेन्सर चांगला असूनही शून्य पाठवतो. त्याच्या जागी दहा नवे सेन्सर बसवलेत तरी दहाही शून्यच पाठवतील.

ताकद का उतरते, तेही यातून कळते. बूस्टचा आकडा विश्वासाचा राहिला नाही की किती हवा येते आहे ते ईसीएमला कळत नाही, म्हणून तो डिझेल हात राखून देतो. माझा अंदाज आहे की तुमचे मशीन ऑइल प्रेशरपेक्षा बूस्टमुळे मंदावते. एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज ४ चे धूर-प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यानंतरच्या मशीनवर सेन्सरही वाढले आणि अशी वाटून घेतलेली लाइनही जास्त ठिकाणी फिरू लागली. त्यामुळे हा प्रकार आता जास्त दिसतो.

पण सगळ्यात आधी एक काम, आणि ते टाळू नका. ऑइल प्रेशर ही जुगार खेळायची गोष्ट नाही. कोड पूर्ण वाचा. एसपीएन म्हणजे कोणत्या गोष्टीबद्दल तक्रार आहे आणि एफएमआय म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर. पुढे एफएमआय १ असेल तर सेन्सर खरे सांगतो आहे आणि प्रेशर खरोखर धोकादायक पातळीवर उतरले आहे: इंजिन त्याच क्षणी बंद करा. एफएमआय १८ असेल तरी प्रेशर खरोखरच कमी आहे, फक्त थोड्या सौम्य पातळीवर. एफएमआय ४ असेल तर व्होल्टेज खाली गेले आहे, म्हणजे विजेचा दोष. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज वर गेले. आकड्यातला हा एवढासा फरक अनेक ठिकाणी वाचलाच जात नाही, मॉनिटरवर तेलाच्या डब्याचे चित्र दिसले की सेन्सरची ऑर्डर जाते. तुमच्या वर्णनावरून तो १०० / ४, बूस्टचा १०२ / ४ आणि सप्लायचा ३५०९ / ४ असावा. कमिन्सच्या इंजिनांवर याच तिघांना १४१, १२३ आणि ३५२ असे स्वतःचे नंबर आहेत. इतर कंपन्या वेगळी पद्धत वापरतात, त्यामुळे तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधून खात्री करून घ्या. आणि कोड पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: कोड, किती वेळा आला, किती तासांवर आला. पुसलेला कोड म्हणजे पुसलेला पुरावा.

तरीही, एकदा सेन्सर काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला आणि फुल रेसला प्रेशर बघा. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर असेल तर इंजिनाबद्दलची चिंता गेली, आता शांतपणे वायरी शोधता येतात. मी स्वतः हे केल्याशिवाय मशीन मालकाला "चालवा" असे कधीच सांगत नाही.

आता वायरींकडे. पहिली दहा मिनिटे बॅटरी आणि अर्थला द्या. २४ व्होल्टच्या मशीनवर स्टार्टर मारताना व्होल्टेज १८ च्या खाली जाते का, चालू इंजिनावर चार्जिंग २७-२८ आहे का, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत स्टार्टर फिरत असताना किती व्होल्ट पडतात. अर्थची केबल जिथे चॅसीला बसते तिथे रंग आणि गंज असतो, बोल्ट घट्ट दिसतो पण करंट जात नाही. तुमच्या लक्षणांत हा दोष मला कमी शक्यतेचा वाटतो, पण तो राहून गेला तर पुढची सगळी मापे फसवतात.

मग ऑइल प्रेशर सेन्सरचा कनेक्टर काढा, चावी ऑन, इंजिन बंद. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने ५ व्होल्टची पिन आणि अर्थची पिन यांच्यात मीटर लावा. पावणेपाच ते सव्वापाचच्या दरम्यान आले पाहिजे. थंड मशीनवर ते येईलच, आणि इथेच बहुतेक जण चुकतात: "सप्लाय ओके आहे" म्हणून लिहून टाकतात. मशीन थंड असताना ठीक असते हे तर तुम्ही आधीच सांगितले आहे. थंड मशीनवर घेतलेले माप फक्त तेवढेच पुन्हा सांगते. दोष हजर असताना माप घ्यायचे, नाहीतर मापाला किंमत नाही.

म्हणून मशीनला काम करू द्या, तापू द्या, ब्रेकर चालवा. एरर आला की ऑपरेटरला चावी बंद करू देऊ नका. एरर आला की चावी बंद करायची ही त्याची सवय आहे आणि त्याच सवयीने तुमचा दोष दर वेळी निसटतो आहे. बऱ्याच ईसीएममध्ये सप्लाय शॉर्ट झाला की तो स्वतःला वाचवण्यासाठी ती लाइन तोडतो आणि चावी फिरवली की पुन्हा देतो. पाच मिनिटांनी ठीक होण्याचे गूढ मला त्यातच दिसते. तर ऑपरेटरने इंजिन आयडलला आणायचे, बकेट जमिनीवर, सेफ्टी लिव्हर लॉक. मग आधी मॉनिटरवर पाण्याचे तापमान बघा. तापमानाच्या सेन्सरला दोनच वायरी असतात. तो या ५ व्होल्टच्या लाइनवर नसतो, पण परतीची वायर पुष्कळदा याच सेन्सरांबरोबर सामाईक असते. तापमान बरोबर दिसत असेल आणि फक्त प्रेशरचे सेन्सर पडले असतील, तर संशय ५ व्होल्टच्या वायरीवर. तापमानही अचानक उणे ४० सारखे काही दाखवू लागले तर परतीची वायर तुटते आहे. तसे असेल तर प्रेशरचे कोड सहसा एफएमआय ३ येतात, ४ नाही. काही मशीनवर परतीच्या वायरी वेगवेगळ्या असतात, तेव्हा हा नियम तुमच्या सर्किट डायग्रामवर ताडून बघा.

आता त्याच लाइनवरचे सेन्सर शोधून एकेक कनेक्टर काढत जा. ऑइल प्रेशर, बूस्ट, आणि डायग्राममध्ये त्या सप्लायवर आणखी जे असतील ते. ईसीएमने लाइन तोडून ठेवलेली असू शकते, म्हणून प्रत्येक कनेक्टर काढल्यावर इंजिन बंद करा आणि चावी फक्त ऑन करून ५ व्होल्ट बघा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. तो ऑइल प्रेशरचाच असेल असे मुळीच नाही, म्हणून तर दोन सेन्सर बदलूनही फरक पडला नाही. सगळे काढूनही ५ व्होल्ट येत नसतील तर वायर कुठेतरी टेकते आहे. तेव्हा बॅटरी काढा, ईसीएमचा कनेक्टर काढा, आणि ५ व्होल्टच्या त्या पिनपासून इंजिन ब्लॉकपर्यंत रेझिस्टन्स मोजा. काहीही आकडा आला तर हार्नेसमध्ये शॉर्ट. मीटर पूर्ण उघडे दाखवत असेल, हार्नेस हलवूनही तसेच राहत असेल, ईसीएमला स्वतःला सप्लाय आणि अर्थ भरपूर मिळत असेल, आणि तरीही मोकळ्या पिनवर ५ व्होल्ट येत नसतील, तरच ईसीएमचे नाव घ्यायचे.

हा क्रम मी पुस्तकातून घेतलेला नाही, याची किंमत दिलेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात एका खाणीवर अगदी असेच मशीन होते. मी सकाळी गेलो, थंड मशीनवर ५ व्होल्ट मोजले, मिळाले, दोन्ही सेन्सर नवे होते, म्हणजे ईसीएम. मालकाने माझ्या शब्दावर ईसीएम मागवला. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कोड. मग मी दिवसभर मशीनपाशी बसलो, मीटर ५ व्होल्टच्या लाइनला लावून ठेवला आणि हेल्परला हार्नेस वीतभर-वीतभर अंतरावर हलवायला सांगितले. डिझेल फिल्टरच्या ब्रॅकेटमागे त्याचा हात गेला आणि आकडा ५ वरून शून्यावर. तिथे हार्नेसचा क्लॅम्प आतला रबर झिजून लोखंडावर आला होता. कॉरुगेटेड पाइप वरून शाबूत दिसत होता. कापून बघितला तर आत वायरीच्या वेष्टनाला तांदळाच्या दाण्याएवढे भोक, आणि त्यात तांबे घासून घासून आरशासारखे चकचकीत झालेले. गंजलेले तांबे जुना दोष सांगते, चकचकीत तांबे रोज घासत असलेला. त्या माणसाचे ईसीएमचे पैसे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून दोष डोळ्यांसमोर हजर झाल्याशिवाय मी ईसीएमचा शब्द काढत नाही.

तुमच्या मशीनवर ब्रेकर चालतो, हे माझ्या दृष्टीने मोठे कारण आहे. ब्रेकरचा थरथराट सगळे क्लॅम्प आणि कनेक्टर सैल करतो. गरम झाल्यावर हार्नेस मऊ पडून लोंबतो आणि रबर माउंटवरचे इंजिन लोडवर हलते, तेव्हा थंड असताना दोन मिलिमीटर दूर असलेली वायर गरम असताना टेकते. शोध पुढील जागांपासून सुरू करा: इंजिनावरून हार्नेस चॅसीकडे उडी घेतो ती जागा, फिल्टर आणि स्टार्टरच्या आसपासचे ब्रॅकेट, टर्बोजवळचा भाग, आणि कुणीतरी नंतर झिप टायने बांधलेला प्रत्येक ठिकाणचा गुच्छ. पावसाळ्यानंतर उंदीरही विसरू नका. आडोशाला उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये ते घर करतात आणि वायरीचे वेष्टन कुरतडतात. अलीकडे बकेटला किंवा बूमला वेल्डिंग झाले आहे का, हेही ऑपरेटरला विचारा. बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर न काढता, अर्थचा क्लॅम्प लांब लावून वेल्डिंग केले असेल तर माझा ईसीएमवरचा संशय थोडा वाढेल.

मोजताना दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, मीटरची जाड सुई कनेक्टरच्या फिमेल पिनमध्ये समोरून दाबून घालू नका. पिन फाकते, माप बरोबर येते, कनेक्टर परत लावला की कॉन्टॅक्ट सैल, आणि तुम्ही स्वतः एक नवा दोष तयार केलेला असतो. कनेक्टरच्या मागून, सीलच्या कडेने, बारीक पिन सरकवून मोजा. जुन्या कनेक्टरमधून काढलेली एक सुटी मेल पिन खिशात ठेवा आणि ती फिमेल पिनमध्ये घालून ओढून बघा. थोडा ताण लागला पाहिजे. घसरून आली तर ती पिन बदला. दुसरी गोष्ट, वायरीला टोचून मोजू नका. त्या टाचणीएवढ्या भोकातून पाणी आत जाते आणि तारांमधून केशाकर्षणाने फूट-फूट पुढे सरकते. सहा महिन्यांनी वायर सोलली तर तांबे काळे पडलेले असते आणि कोणाला काही कळत नाही.

कंटिन्युइटीच्या, म्हणजे वायर अखंड असल्याच्या, बीपवरही भरवसा ठेवू नका. वायरीतल्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर बीप करतो. ईसीएमला जाणाऱ्या २४ व्होल्टच्या आणि अर्थच्या वायरी तपासताना मी ईसीएमचा कनेक्टर काढून, हार्नेसच्या बाजूला २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लावतो. तो पाऊण ते एक अँपिअर ओढतो. वायर चांगली असेल तर लख्ख पेटतो, आतून कुजली असेल तर मिणमिणतो. फक्त हा बल्ब ५ व्होल्टच्या सेन्सर लाइनवर कधीही लावू नका, तिथे ईसीएमचे खरेच नुकसान होऊ शकते.

दोन वायरींच्या तापमान सेन्सरबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण ही परीक्षा उपयोगी आहे. कनेक्टर काढला की एफएमआय ३ आला पाहिजे आणि हार्नेसच्या दोन पिना एका वायरीने जोडल्या की एफएमआय ४. दोन्ही वेळा कोड बरोबर उलटला तर वायरी आणि ईसीएम चांगले, सेन्सर खराब. तीन वायरींच्या सेन्सरवर ही परीक्षा सरळ चालेलच असे नाही. सिग्नलची वायर मोकळी सोडली की काय दिसेल, हे ईसीएमच्या आतली रचना कशी आहे त्यावर ठरते: काहींत ३ येतो, काहींत ४. म्हणून तिथे मॅन्युअलच बघावे.

बाजारातल्या सेन्सरबद्दल एक शब्द. आटे जुळतात, कनेक्टर जुळतो, पण कोणत्या प्रेशरला किती व्होल्ट हे प्रमाण वेगळे असू शकते. मग कोड येत नाही, पण मॉनिटर खोटा आकडा दाखवतो, आणि ते जास्त धोक्याचे. गेज लावाल तेव्हा सध्या बसवलेल्या सेन्सरचा आकडा गेजशी ताडून बघा. फरक असेल तर दोष सापडल्यावर कंपनीचा सेन्सर परत बसवा.

दोष सापडला की दुरुस्तीही नीट करा. वायरी पिळून वर काळी टेप, हा इंजिनाजवळ दोन महिन्यांचा उपाय आहे. टेपचा गोंद उष्णतेने वितळतो आणि आत धूळ-पाणी धरून ठेवतो. क्रिम्प (दाबून बसवलेला) जॉइंट करा, त्यावर आतून गोंद असलेला हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, बसवा, शेजारच्या वायरींचे जॉइंट एकाच जागी न आणता पुढे-मागे ठेवा, वर नवा कॉरुगेटेड पाइप आणि रबर असलेला क्लॅम्प. ज्या ब्रॅकेटने घासले त्याची धार कानशीने मोडा, नाहीतर वर्षभरात नवी वायरही तिथेच घासेल. कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्या, सील फाटले असेल तर बदला, रिकाम्या भोकात प्लग बसवा. आणि मशीन धुणाऱ्या पोराला प्रेशर गनचा फवारा कनेक्टर आणि ईसीएमवर धरू नको असे स्वतः दाखवून सांगा.

ईसीएमची ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबवा. नवा ईसीएम नुसता जोडून चालत नाही, त्यात तुमच्या इंजिनाच्या सिरियल नंबरप्रमाणे प्रोग्रॅम भरावा लागतो, आणि एकदा बसवलेला इलेक्ट्रॉनिक भाग सहसा कोणी परत घेत नाही. भंगारातून काढलेला जुना ईसीएम तर घेऊच नका. आधी मला दोन आकडे कळवा: एरर हजर असताना ऑइल प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरवर ५ व्होल्टच्या जागी किती येतात, आणि तेव्हा पाण्याचे तापमान मॉनिटरवर किती दिसते. सोबत कोडचा फोटो आणि इंजिनाचा मॉडेल नंबर. तोपर्यंत गेजवर प्रेशर बरोबर असेल तर मशीन चालवायला हरकत नाही, पण ब्रेकर दोन दिवस बाजूला ठेवा आणि एरर त्याच्याशिवाय येतो का तेही लिहून ठेवा.